बिशपस्वामींची पाठ

आमच्या बिशपस्वामींच्या पोटाचा घेर अख्ख्या बंगळुरात दोनच माणसांना ठाऊक होता. एक माझे अप्पा आणि दुसरी मी. अप्पा टेप धरून आकडा सांगायचे आणि मी तो वहीत लिहून घ्यायची. तो आकडा मी आजही सांगणार नाही. शिंप्याच्या घरची लेक आहे मी, एवढं तरी कळतं मला.

चामराजपेटेत आमचं दुकान होतं. आमचे कोणी खापरपणजोबा वरच्या मुलखातून इकडे आले, तेव्हापासून घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि भांडताना दोन्ही, असा आमचा कारभार. माझं सासर दोन गल्ल्या सोडून. स्वयंपाक आवरला की दुपारी मी दुकानात हजर. अप्पांना मुलगा नव्हता आणि त्यांच्या हातचं जरीकाम मला येत होतं, म्हणून सासरच्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

बिशपस्वामी आमच्याकडे पहिल्यांदा आले ते एकोणीसशे पन्नासनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत. नुकतेच बिशप झाले होते. बिशप म्हणजे या मुलखातल्या कॅथलिक लोकांचे सर्वांत मोठे धर्मगुरू. शहरातली आणि लांबलांबच्या खेड्यांतली सगळी चर्चं, शाळा, दवाखाने त्यांच्या देखरेखीखाली. त्या सगळ्या मुलखाला ते लोक धर्मप्रांत म्हणतात. एवढा मोठा माणूस, आणि घोड्याच्या जटक्यातून एकटाच उतरला, काखेत गाठोडं घेऊन! अंगात पांढरा पायघोळ झगा, कमरेला जांभळा पट्टा, डोक्यावर जांभळी टोपी. झगा इतका ढगळ की त्यात अजून एक बिशप सहज मावला असता.

अप्पांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हे कुणी शिवलंय?"

"आमच्यातल्याच एका भल्या माणसाने."

"मग त्याच्याकडेच जायचं. माझ्याकडे का आलात?"

अप्पा असेच होते. गिऱ्हाईक दारात आलं की आधी त्याची उलटतपासणी. मी मागे बसून कपाळावर हात मारला. पण बिशपस्वामी बाकावर आरामात बसले. ते मंगळूरकडचे, घरची भाषा कोंकणी. आमच्याशी ते कोंकणी वाकवून मराठी बोलायचे आणि अडलं की कन्नड घालायचे.

"मास्तर, तो येतो, गुडघे टेकतो, माझ्या अंगठीला ओठ लावतो आणि लांबूनच अंदाज करतो. बिशपच्या पोटाला टेप कशी लावायची म्हणतो. मला माप घेणारा माणूस पाहिजे."

झालं. अप्पांनी गळ्यातली टेप काढली आणि बिशपस्वामींच्या पोटाला घातली. "श्वास आत ओढू नका स्वामी. नंतर सोडाल तेव्हा बटणं तुटतील आणि नाव माझं खराब होईल."

बिशपस्वामी खो खो हसले. पोट सोडलं आणि म्हणाले, "सरी."

हा 'सरी' त्यांचा आवडता शब्द. पटलं की 'सरी', आणि मग त्या गोष्टीवर दुसरी चर्चा नाही. नाही पटलं तर मात्र ते लगेच 'नाही' म्हणायचे नाहीत. समोरच्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि ऐकता ऐकता झग्याचं वरून पाचवं बटण पिळत राहायचे. त्या झग्याला गळ्यापासून पायापर्यंत तेहतीस बटणं. बत्तीस जशीच्या तशी असायची आणि पाचवं दर दोन महिन्यांनी लोंबायचं. ते मीच पुन्हा लावायची. बिशपस्वामी बटण पिळायला लागले की समजावं, उत्तर 'नाही' आहे. हे त्यांच्या घरातल्या सेक्रेटरी पाद्रींनाही बरीच वर्षं कळलं नव्हतं, आम्हाला कळलं होतं.

आणि झग्याच्या खालच्या काठावरून ते कुठे जाऊन आले तेही कळायचं. लाल माती असली की कोलारच्या बाजूचा दौरा. नाचणीचा भुसा अडकलेला असला की शेतातून चालत गेलेले. डांबराचा आणि कोळशाचा डाग असला की यशवंतपूर. तिथे रेल्वेच्या यार्डात काम करणाऱ्यांची वस्ती होती, त्यांच्यासाठी एक पत्र्याचं चर्च होतं. महिन्यातले वीस दिवस हा माणूस जीपमधून हिंडायचा. जीप अडली की चालत. खेड्यात लोक देतील ते खायचं, नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, तर आवडीने. एकदा झगा आला तो एका बाजूने वीतभर आखूड!

"हे काय केलंत?" अप्पा जवळजवळ ओरडलेच.

"एका गाडीवानाचा पाय चाकाखाली आला. बांधायला काही नव्हतं."

"म्हणून माझं कापड फाडलंत? तेही आडवं?"

"मास्तर, त्या वेळी उभं-आडवं कोण बघतो?"

अप्पा दिवसभर धुसफुसत होते. पण त्यानंतर त्यांनी बिशपस्वामींच्या प्रत्येक झग्याला आतून चार बोटं जास्तीची पट्टी कच्च्या टाक्यांनी लावायला सुरुवात केली. झगा देताना सांगायचे, "फाडायचं झालं तर हे फाडा. ओढलं की सुटेल." आणि खरं सांगते, वर्षातून दोन-तीन झगे तरी पट्टीविना परत यायचे. कुणाच्या जखमेला, कुणाच्या बाळाला गुंडाळायला. अप्पा शिव्या घालत नवी पट्टी लावायचे आणि मनातून खूश असायचे. मी ओळखून होते.

आता हा माणूस नुसता मऊ होता असं कुणी समजू नये. त्यांच्या मुख्य चर्चमध्ये पुढच्या बाकांवर शहरातल्या बड्या घराण्यांची नावं पितळी पट्ट्यांवर कोरून लावलेली होती. त्या बाकांवर दुसऱ्याने बसायचं नाही. घरातलं कुणी आलं नाही तरी बाक रिकामा आणि मागे म्हाताऱ्या बायका उभ्या. एका शनिवारी बिशपस्वामी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले आणि गुडघ्यांवर बसून एकेक पट्टी काढली. सोमवारी आम्ही माप घ्यायला त्यांच्या बंगल्यावर गेलो तर ती सगळी मंडळी येऊन बसलेली. कोट, टाय, चेहरे लाल. माझ्या आजोबांनी अमुक दिलं, माझ्या काकांनी तमुक दिलं. इंग्रजीतून चाललं होतं सगळं, पण राग कुठल्या भाषेत कळत नाही? अप्पांनी माझ्याकडे बघून हळूच खूण केली. बिशपस्वामींची बोटं पाचव्या बटणावर होती.

सगळ्यांचं बोलणं संपल्यावर ते उठले आणि पट्ट्या भरलेली पेटी त्यांनी टेबलावर ठेवली. "ज्याची त्याने घरी न्यावी," म्हणाले. "घरच्या खुर्चीला लावा. तिथे मी येऊन दुसऱ्याला बसवणार नाही."

बाहेर पडल्यावर अप्पा मला म्हणाले, "बघितलंस? आवाज चढवला नाही, की मान खाली घातली नाही. अक्का, याच्या अंगावर माझं कापड आहे!" सगळी गल्ली मला अक्काच म्हणायची, म्हणून अप्पाही तेच म्हणायचे. त्या दिवशी ते जटक्यात असे ताठ बसले होते की जणू पट्ट्या यांनीच काढल्या.

मग अप्पांच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी बाजूचं दिसेना. मी शेजारून चहा पुढे केला तर त्यांना कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले काचबिंदू, जे गेलं ते परत यायचं नाही, आणि राहिलेलंही हळूहळू जाईल. अप्पांना आता नळीतून बघावं तसं फक्त मधलं दिसत होतं. सुईच्या टोकाएवढं लख्ख, बाकी अंधार. सुया मी ओवून ठेवायची. त्यांचा टाका अजून सरळ होता, पण हातभर कापड एका वेळी दिसायचं नाही.

त्याच सुमाराला बिशपस्वामींना पाद्री होऊन पंचवीस वर्षं पुरी होणार होती. मोठी पूजा होणार होती. ते लोक तिला मिस्सा म्हणतात, आम्ही पूजाच म्हणायचो. त्या पूजेत झग्यावरून एक रेशमी भरजरी वस्त्र घालतात, पुढून-मागून गुडघ्यापर्यंत सोडलेलं. अप्पांनी जाहीर केलं, "ते माझ्याकडून. आणि ते माझं शेवटचं काम."

आता यात एक मेख आहे, ती सांगते. त्या काळी पूजा सांगणारा पाद्री वेदीकडे, म्हणजे भिंतीकडे, तोंड करून उभा राहायचा. लोकांना दिसायची त्याची पाठ. म्हणून आमच्या धंद्यात त्या वस्त्राचं सगळं काम पाठीवर. पुढची बाजू जवळजवळ कोरी. हात पसरले की पाठ उलगडते आणि दिव्यांच्या उजेडात जर पेटते. त्याच क्षणासाठी ते काम केलेलं असतं.

सेक्रेटरी पाद्रींनी गव्हाच्या ओंब्या आणि द्राक्षांचा नमुना पाठवला. अप्पा म्हणाले, "आमच्याकडे गहू कोण खातो?" आणि त्यांनी नाचणीच्या कणसांचा क्रूस काढला, भोवती तुतीची पानं. बिशपस्वामींनी कागद बघितला, म्हणाले, "सरी."

सात महिने काम चाललं. अप्पांची एकच इच्छा होती. त्यांनी ती मला शंभरदा सांगितली असेल. "जवळून मला तुकडा दिसतो गं. लांबून बघितलं तर सगळं त्या नळीत मावेल. एकदा बिशपस्वामी हात पसरून उभे राहिलेत आणि मी मागून सगळं एका नजरेत बघतोय, एवढं झालं की डोळे जाऊ देत."

मी म्हटलं, "मीच घालून उभी राहते ना, आत्ता बघा." तर अंगावर धावून आले. देवाच्या कामाचं वस्त्र त्याच्या दिवसाआधी कुणाच्या अंगावर चढवायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज. माप बघायला मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवतात, खरं वस्त्र त्याच दिवशी.

वीतभर काम उरलं होतं आणि बिशपस्वामी दुकानात आले. मध्ये काही महिने ते रोमला होते. जगातल्या सगळ्या बिशपांची तिथे सभा भरली होती. तिथून अप्पांना कार्डही आलं होतं की इथल्या दुकानांत जरीकाम पाहिलं, टाके तुमच्यापेक्षा मोठे आहेत. अप्पांनी ते कार्ड सगळ्या चामराजपेटेला दाखवलं होतं. पण आज बिशपस्वामी बाकावर बसले आणि त्यांचा हात सरळ बटणाकडे गेला.

"मास्तर, एक गोष्ट मीच येऊन सांगायला पाहिजे. यापुढे वेदी भिंतीपासून पुढे ओढायची आहे. मी तिच्या मागे उभा राहणार, लोकांकडे तोंड करून. या पूजेपासूनच."

अप्पांनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे पाठ भिंतीकडे."

"हो."

"आणि माझं काम भिंत बघणार?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "स्वामी, एवढी एक पूजा जुन्या रीतीने करा. पुढच्या आठवड्यापासून वेदी ओढा. इतर ठिकाणी अजून कुठे बदललंय?" त्यांच्यासोबत आलेले सेक्रेटरी पाद्रीही चटकन म्हणाले, "तसं चालू शकेल."

बिशपस्वामींचं बटण तुटून हातात आलं. "पंचवीस वर्षं मी माझ्या लोकांकडे पाठ करून उभा राहिलो," ते म्हणाले. "बाकांवरच्या पट्ट्या काढल्या तेव्हा बड्या लोकांसाठी मी एक दिवसही थांबलो नाही. आता माझं तोंड दाखवायची वेळ आली, तर तुमच्या जरीमागे लपू का मास्तर?"

अप्पांनी खालमानेनं विचारलं, "पुढची बाजू कोरी आहे, तिचं काय?"

"राहू दे कोरी. तिथे देवाने केलेलं काम आहे. तुमच्याइतकं चांगलं नाही, पण आहे." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला त्यांचा संताप आला. इतका की कॉफी उकळत होती तरी मी विचारली नाही. एका म्हाताऱ्याची एक इच्छा, तीही एका दिवसाची! दुसऱ्याच्या जखमेसाठी झगा फाडणारा माणूस एवढा कडक कसा होतो? मी त्यांना दारापर्यंत पोचवायलाही उठले नाही.

लोकांनी अप्पांची समजूत घातली. मिरवणुकीने आत येताना पाठ दिसेल की! अप्पा म्हणाले, "चालत्या माणसाची पाठ हलते. त्यात काय दिसणार, डोंबल?" चार दिवस त्यांनी सुई धरली नाही. पाचव्या दिवशी सकाळी आपणच भरतकामाच्या चौकटीपाशी जाऊन बसले. "ओव सुई," म्हणाले. "भिंत तर भिंत. तिला तरी वाकडा टाका का दाखवू?"

पूजेच्या दिवशी चर्च खच्चून भरलेलं. आम्ही चपला दाराशी काढल्या. तिथे काढायची गरज नव्हती, पण सवय. मी अप्पांना हाताला धरून आत आणलं, तोच सेक्रेटरी पाद्री लगबगीने आले. "मास्तर, तुम्ही माझ्याबरोबर." मला त्यांनी पहिल्या बाकावर बसवलं आणि अप्पांना घेऊन गेले थेट वर, चौथऱ्यावर. वेदी खरंच पुढे ओढली होती. तिच्या मागे, भिंतीला टेकून, एक खुर्ची मांडली होती. एकच. पाद्री लोकांच्या सगळ्या खुर्च्या दोन्ही बाजूंना होत्या. त्या मधल्या खुर्चीवर माझे अप्पा बसले, डोक्याला लाल रुमाल, अंगात लग्नातला काळा कोट. बाकांवर कुजबूज सुरू झाली. हा बाप्तिस्मा नसलेला शिंपी तिथे काय करतोय? मी तर लाजेने आणि आनंदाने नुसती घामेघूम झाले होते.

बिशपस्वामी आले, वेदीमागे उभे राहिले. मला पुढून नुसतं पांढरं रेशीम दिसत होतं आणि वर त्यांचा चेहरा. त्यांनी दोन्ही हात उंच पसरले. मागे अप्पा खुर्चीत पुढे झुकले. मान डावीकडे, मान उजवीकडे. आणि मग ते उठले.

अगं बाई! मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. सगळं चर्च चिडीचूप, हजार डोळे वेदीवर, आणि अप्पा चाचपडत चालत बिशपस्वामींच्या मागे गेले, त्यांनी त्यांचा डावा खांदा धरला आणि वस्त्र दोन बोटं खाली ओढून सारखं केलं. सेक्रेटरी पाद्री अर्धे उठले. बिशपस्वामींनी मागे वळून बघितलं नाही. फक्त हळूच विचारलं, "सरी झालं का मास्तर?"

वेदीवर माइक होता. चर्चमधल्या सगळ्या कर्ण्यांतून ते ऐकू आलं.

अप्पांना माइक म्हणजे काय ठाऊक? ते दुकानातल्या आवाजात म्हणाले, "आता झालं. हात स्वल्प खाली घ्या स्वामी, खांद्यावर ओढ बसतेय."

सगळं चर्च हसलं. बाकांवरच्या पट्ट्या गेलेली ती कोट-टायवाली मंडळीसुद्धा. बिशपस्वामींनी हात वीतभर खाली घेतले आणि पुढची प्रार्थना वाचायला लागले. ती वाचताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मला दिसलं, अप्पांना दिसलं नाही. अप्पा परत खुर्चीत जाऊन बसले होते आणि समोर बघत होते. तासभर त्यांनी मान हलवली नाही.

परत येताना जटक्यात मी विचारलं, "दिसलं?"

"सगळं," अप्पा म्हणाले. "एका नजरेत." आणि मग कुठलं पान कसं उठलं, कुठे जर कमी पडली, हे चामराजपेट येईपर्यंत सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी मी बिशपस्वामींच्या बंगल्यावर कॉफीची पूड घेऊन गेले आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतः कॉफी केली. का ते त्यांनी विचारलं नाही. दोन पेले प्यायले.

पुढे अप्पांचं उरलंसुरलं दिसणंही गेलं आणि साठचं दशक सरता सरता अप्पाही गेले. दुकान मी चालवत होते. वर्षभराने यशवंतपूरला एका गिऱ्हाइकाकडे गेले होते, तेव्हा त्या पत्र्याच्या चर्चमधून ओळखीचा आवाज आला. आत डोकावले. यार्डातले चाळीस-पन्नास कामगार जमिनीवर बसलेले, आणि बिशपस्वामी टेबलामागे उभे, अंगावर साधं सुती वस्त्र. जर नाही, भरतकाम नाही, खांद्यावर ओढ बसेल असं काहीच नाही. केस पार पांढरे झाले होते. बाजूला दोन तरुण पाद्री उभे होते.

प्रार्थनेसाठी त्यांनी हात पसरले. पुऱ्या उंचीपर्यंत नेले नाहीत. वीतभर खालीच थांबवले, अप्पांनी सांगितलं होतं तिथे. आणि त्यांचं बघून शेजारच्या दोन्ही पोरसवदा पाद्रींनीही आपापले हात बरोब्बर तेवढेच खाली घेतले.

बाहेर सेक्रेटरी पाद्री भेटले. मी हातांचं विचारलं तर हसले. "अक्का, सगळे नवे पाद्री आता असेच हात धरतात," ते म्हणाले. "त्यांना वाटतं, हा रोमहून आलेला नियम आहे. मी एकदा बिशपस्वामींना म्हटलं, खरं सांगून टाका. तर बटण पिळायला लागले."

मी पुन्हा आत बघितलं. बिशपस्वामींचे हात अजून तसेच होते. मी तिथेच दारात, चपला हातात घेऊन, पूजा संपेपर्यंत उभी राहिले आणि पोटभर रडले.